आरएक्स 100 ट्रॅकसाठी तयार करताना: हवेच्या वाटेवरचे घरगुती बदल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात आमच्या जिन्याखाली एक व्हाइस, एक वर्कबेंच आणि इंजिनाचे पाच-सहा जुने ब्लॉक (सिलिंडरचे ओतीव भाग) कायम पडलेले असतात. रविवारी सकाळी कुणीतरी पोरगं पिशवीत ब्लॉक घालून येतं आणि विचारतं, "दादा, किती घासू?" हाच प्रश्न इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी आलाय की उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं यामाहा आरएक्स 100 धरून लिहिलंय, कारण डर्ट ट्रॅक आणि ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरची शर्यत) आमच्याकडे अजूनही तीच येते. 1985 ते 1996 या काळात बनलेली गाडी, 50 मिमी बोअर, 50 मिमी स्ट्रोक, 98 सीसी, कंपनीच्या आकड्यानुसार मिनिटाला 7500 फेऱ्यांना 11 अश्वशक्ती. दुसरी कुठली टू-स्ट्रोक असेल तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

दादा, सगळ्यात आधी काय घासू?

काहीच नको. आधी चोरवाटा बंद करा.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची, क्रँक फिरतो ती बंद जागा) हाच पंप असतो. क्रँकचं सील कडक झालेलं असेल, ब्लॉकखालचं पॅकिंग दबलेलं असेल किंवा कार्ब (हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) आणि ब्लॉकमधल्या रबराला बारीक चीर असेल, तर तिथून हवा आत येते आणि तिच्यासोबत पेट्रोल नसतं. अशा इंजिनावर केलेलं पोर्टिंग (वायूच्या वाटा घासून बदलणं) म्हणजे फुटक्या बादलीला सोन्याची कडी.

तपासणी घरी होते. जुनं, फुग्याचं बीपीचं यंत्र घ्या, आजोबांचं असेल तर उत्तम. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद करायची, प्लगच्या भोकात नळी बसवायची, पिस्टन खाली आणायचा आणि फुग्याने दाब 300 पर्यंत न्यायचा. हा दाब साधारण 6 पीएसआय होतो. त्यापुढे जाऊ नका, सील उलटतं. आता काटा बघत बसा. मिनिटाला 50 पेक्षा जास्त घसरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने फिरवा, बुडबुडे जागा दाखवतील. आमच्याकडे आलेल्या गाड्यांत मॅग्नेटच्या बाजूचं सील सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. सील बदलल्यावर दोन जणांनी मला "पोर्टिंग काय भारी केलंत" म्हणून सांगितलं होतं. मी कानस हातातही घेतली नव्हती.

हवा नेमकी जाते कुठून?

फिल्टर, एअरबॉक्स, कार्ब, रीड (एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पाकळ्या), क्रँककेस, ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा), सिलिंडर, एक्झॉस्ट पोर्ट, पाइप. या रांगेत जो सगळ्यात अरुंद, तोच बाकीच्यांना थांबवतो. दुसरी जागा कितीही रुंद केली तरी फरक पडत नाही. पोरं मात्र जी जागा सहज हाताला लागते तीच घासतात, आणि ती बहुतेक वेळा एक्झॉस्ट पोर्ट असते.

आकडा मनात असू द्या. 7500 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 125 वेळा इंजिन श्वास घेतं. 98 सीसी पूर्ण भरलं असं मानलं तरी सेकंदाला साधारण 12 लिटर हवा लागते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मोकळा चालवला तर यापेक्षा जास्त ओढतो. म्हणजे हवा फार लागते असं नाही; ती फार थोड्या वेळात आत जायला हवी, अडचण तिथे आहे.

एअरबॉक्स काढून टाकला तर गाडी मोकळी होते ना?

आवाज मोकळा होतो. गाडी झाली की नाही ते घड्याळ सांगेल.

एअरबॉक्स हा शांत हवेचा साठा असतो. कार्बमधून हवा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने ओढली जाते आणि थोडी मागेही फेकली जाते. ती परतलेली फवारणी बॉक्समध्ये राहते, पुढच्या ठोक्याला परत आत जाते. बॉक्स काढला की कार्बच्या तोंडासमोर वारा आडवा वाहतो, गाडी वळणात एक वागते आणि सरळ रस्त्यावर दुसरं. शिवाय अडथळा कमी झाल्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) न वाढवता बॉक्स काढलेली गाडी घेऊन कुणी आलं की मी आधी पिस्टन बघतो.

मी काय करतो ते सांगतो: बॉक्स ठेवतो, त्याचं नळकांडं कापून तोंड मोठं करतो आणि एक-एक पायरी जेट वाढवतो. डर्ट ट्रॅकवर तर फिल्टरशिवाय उतरूच नका. आपल्याकडची लाल माती पिठासारखी असते, ती ऑइलमध्ये मिसळली की पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपर लागतो. तेल लावलेला फोमचा फिल्टर चालतो, पण सोफ्यातला फोम नव्हे. तो पेट्रोलच्या वाफेने चुरा होऊन इंजिनात जातो. फोम रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाने, पूर्ण वाळवायचा, मग तेल लावून पिळायचा.

कार्बच्या तोंडावर कर्णा लावतात, त्याने खरंच काही होतं?

होतं, आणि या यादीत सगळ्यात स्वस्त काम हेच आहे. उघड्या नळीच्या धारदार काठावरून हवा आत शिरताना काठापाशी सुटते, आत भोवरा धरते आणि नळीचं खरं भोक जणू आकसतं. द्रवगतीच्या तक्त्यात याचे आकडे असतात: बाहेर डोकावणाऱ्या धारदार नळीचा प्रवेश-तोटा 0.8 ते 1, भिंतीशी सपाट असलेल्या भोकाचा 0.5, आणि नीट गोलाई दिलेल्या तोंडाचा 0.05 च्याही खाली. गोलाईची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या पाचव्या हिश्शाइतकी असली तरी पुरते. म्हणजे 25 मिमी तोंडाला 5 मिमी. तुतारीसारखं भलंमोठं तोंड करण्यात हौस भागते, त्यापलीकडे फारसं मिळत नाही.

उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला ॲल्युमिनियमचा तुकडा आणि कागदावर काढलेली आकृती दिली तर अर्ध्या तासाचं काम. कर्ण्याची आतली बाजू कार्बच्या भोकाशी बोटाला न लागेल अशी जुळली पाहिजे. नखाला कड लागली तर पुन्हा लेथवर. कर्णा एअरबॉक्सच्या आत मावत असेल तर तिथेच ठेवा.

मूळचा 20 मिमी कार्ब काढून 28 चा लावू का?

हिशोब करू. वरचे सेकंदाला 12 लिटर घेतले तर 20 मिमीच्या भोकातून हवेचा सरासरी वेग येतो सेकंदाला 39 मीटर. 24 मिमीत 27 मीटर. 28 मिमीत 20 मीटर. हे झालं 7500 ला. आता वळणातून बाहेर पडताना इंजिन 3000 वर आलेलं असतं, तेव्हा 28 मिमीत उरतो फक्त 8 मीटर. एवढ्या मंद हवेला जेटमधून पेट्रोल वर ओढून त्याचे बारीक थेंब करता येत नाहीत. तुम्ही थ्रॉटल पिळता, गाडी "भॉक" करते, आणि बाजूने स्टॉकवाला (गाडीत काहीच न बदललेला) निघून जातो.

ड्रॅगला, जिथे फेऱ्या खाली येऊच देत नाहीत, तिथे 26 किंवा 28 ला अर्थ आहे, तोही पाइप आणि पोर्ट जुळलेले असतील तर. डर्ट ट्रॅकला 24 पुरे. मला विचाराल तर आधी 20 वरच सगळं बाकीचं करा, कार्ब शेवटी.

रीड घरी बनवता येतात का?

येतात, आणि मजा येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डाचा काचतंतूचा पत्रा मिळतो. तांब्याचा थर नसलेला, 0.4 मिमीच्या आसपास जाडीचा घ्या. जुन्या रीडचा ठसा काढून कात्रीने थोडा मोठा कापा, मग चारपाच तुकडे एकत्र चिमटून 400 नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर कडा घासा. कडेला एक जरी सुटा तंतू राहिला तरी तिथूनच चीर जाते. कापताना मास्क लावा, काचेची धूळ फुफ्फुसात बसते.

फायदा दोन बाजूंनी. पातळ पाकळी लवकर उघडते. आणि तुटली तर तिचे तुकडे सहसा एक्झॉस्टमधून बाहेर जातात; स्टीलची पाकळी तुटून आत गेली तर पिस्टन आणि बोअर दोन्ही ओरबाडते. तोटा हा की त्या झिजतात. दर दोन शर्यतींनी काढून उजेडाकडे धरा. पाकळी आणि बैठक यांच्यामधून उजेड दिसला तर बदला.

रीडच्या पिंजऱ्याच्या मधल्या पट्टीची पुढची कड कानसने गोल करा. तिथे हवा सपाट भिंतीवर आदळत असते. पण पाकळी ज्या पृष्ठभागावर बसते त्याला हात लावू नका.

पोर्ट आरशासारखे चकाचक करू का?

नको. इनटेकच्या बाजूला हलकी खरबरीत भिंत चालते, 80 किंवा 120 नंबरच्या पेपरची. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब पसरून ओघळ धरतात. एक्झॉस्ट पोर्ट चकाचक केला तर चालेल, तिथे काजळी कमी चिकटते, एवढंच.

चमकवण्यापेक्षा जुळवण्याचं काम मोलाचं. क्रँककेसचं ट्रान्सफरचं तोंड, मधलं पॅकिंग आणि ब्लॉकचं तोंड या तिन्हींची कड एकमेकांवर बसत नाही. कारखान्यातून निघतानाच एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असतो. पॅकिंग ब्लॉकवर ठेवून बारीक सुईने रेघ ओढा, मग क्रँककेसवर ठेवून ओढा. जिथे धातू रेघेच्या आत आलाय तेवढाच काढा. पॅकिंगच आत डोकावत असेल तर ब्लेडने पॅकिंग कापा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. डाव्या आणि उजव्या ट्रान्सफर पोर्टची वरची कड एकाच उंचीवर आहे का? व्हर्नियरने मोजा. ताजं मिश्रण दोन्ही बाजूंनी आत येतं, मागच्या भिंतीकडे झुकून एकमेकांना भिडतं आणि वर वळतं, त्यातूनच जळालेला वायू बाहेर ढकलला जातो. एक बाजू आधी उघडली तर प्रवाह तिरका होतो आणि नवं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून निघून जातं. ही उंची सारखी करणं म्हणजे पाव मिलिमीटरचं काम, दोन संध्याकाळी जातात, आणि दिसायला काहीच दिसत नाही. म्हणून कुणी करत नाही.

ग्राइंडरच्या बरवर (दातेरी टोकावर) ॲल्युमिनियम चिकटून दात भरतात. मध्ये मध्ये रॉकेलमध्ये बुडवा किंवा मेणबत्ती लावा. बोअरच्या लोखंडी स्लीव्हमध्ये काम झाल्यावर पोर्टच्या प्रत्येक कडेला बारीक उतार द्या, नाहीतर रिंग अडकून तुटते.

एक्झॉस्ट पोर्ट किती वर न्यायचा?

इथे थोडं बसून बोलू.

पोर्टची वरची कड जितकी वर, तितका तो लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. 50 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात कड 1 मिमी वर नेली की पोर्ट उघडा राहण्याचा काळ साडेचार ते पाच अंशांनी वाढतो. ऐकायला थोडं वाटतं. पण इंजिनाला लागतो तो वेळ, आणि वेळ फेऱ्यांवर ठरतो. 8000 ला जळालेला वायू बाहेर पडायला कमी वेळ मिळतो, म्हणून पोर्ट लवकर उघडावा लागतो. तोच पोर्ट 4000 ला गरजेपेक्षा फार आधी उघडतो; जो दाब अजून पिस्टनला ढकलत होता तो बाहेर निघून जातो. म्हणजे वरचं मिळवायला खालचं विकायचं. फुकट काही नाही.

माझा पहिला ब्लॉक. तेव्हा वय एकवीस, हातात नवा ग्राइंडर, आणि कुणीतरी सांगितलेलं "तीन मिमी बिनधास्त घे". मी घेतले. अंशांचा हिशोब करायचं डोक्यातच नव्हतं. आज करतो तेव्हा कळतं की एका रात्रीत जवळजवळ चौदा अंश वाढवले होते. पाइप मूळचाच. सकाळी गाडी सुरू झाली, आवाज असा की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. मैदानावर नेली तर 6500 पर्यंत गाडीत जीव नाही, त्यानंतर एकदम लाथ, आणि लाथ बसेपर्यंत पुढचं वळण आलेलं. धाकट्या भावाने स्टॉक गाडीवर मला तीनही फेऱ्यांत मागे टाकलं. तो ब्लॉक आता वर्कशॉपचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो. काढलेला धातू परत लावता येत नाही.

तेव्हा पद्धत अशी. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाची मोठी झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, मॅग्नेटवर लावा, तारेचा काटा करा. पिस्टन नेमका वर कधी येतो हे प्लगच्या भोकात थांबा घालून दोन्ही बाजूंनी मोजून मधला बिंदू काढा. मग एक्झॉस्ट कधी उघडतो, ट्रान्सफर कधी उघडतो, लिहून ठेवा. या दोन्हींमधला फरक फार महत्त्वाचा, कारण तेवढ्याच वेळात सिलिंडरमधला दाब खाली यायचा असतो. तो आला नाही तर जळालेला वायू उलटा ट्रान्सफरमध्ये शिरतो.

डर्ट ट्रॅकसाठी मी अर्धा मिमी वर आणि बाजूंना थोडी रुंदी एवढ्यावर थांबतो. रुंदी वाढवतानाही कोपरे गोल ठेवा, पोर्ट अंड्याच्या आकाराचा असू द्या. चौकोनी कोपऱ्यात रिंग बाहेर फुगते आणि अडकते.

पाइप घरी बनवता येतो? आणि तो हवेच्या वाटेत कसा धरता?

पाइप हाच टू-स्ट्रोकचा दुसरा पंप आहे. हे कळायला जगाला बराच वेळ लागला. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात एक्झॉस्टमधल्या दाबलहरींवर काम केलं. सुजणाऱ्या शंकूतून उलटी लहर परत येते आणि सिलिंडरमधून वायू ओढून घेते; पुढच्या आकसणाऱ्या शंकूतून दाबाची लहर परत येते आणि बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. 1961 पर्यंत त्यांच्या 125 सीसी इंजिनाने लिटरमागे 200 अश्वशक्तीचा टप्पा गाठला, म्हणजे 125 मधून 25. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, आणि 1962 मध्ये सुझुकीवर त्याने 50 सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं जागतिक विजेतेपद.

मला यातला आवडता भाग वेगळाच. इनटेकची उघडझाप करणारी फिरती चकती एमझेडने स्वतः शोधलेली नव्हती. डॅनियल झिमरमान नावाच्या एका खासगी स्पर्धकाने आपल्या गाडीत ती बसवली होती, काडेन यांनी ती पाहून पुढे नेली. घरगुती कामाला नावं ठेवणाऱ्यांना मी हे सांगतो.

लांबीचा हिशोब असा. गरम वायूत लहर सेकंदाला साधारण 510 मीटर धावते. पोर्ट 180 अंश उघडा असेल आणि तुम्हाला जोर 8500 ला हवा असेल, तर पोर्ट 3.5 मिलिसेकंद उघडा राहतो. तेवढ्यात लहर 1.8 मीटर जाते. जाऊन परत यायचं म्हणून निम्मं: 90 सेंटिमीटर. पिस्टनपासून मागच्या शंकूपर्यंतचं ते अंतर. जोर खाली हवा असेल तर पाइप लांब, वर हवा असेल तर आखूड.

शंकू आधी चार्ट पेपरचे करा. जुळले की 1 मिमी सीआर पत्र्यावर आखा. शेवटची बारीक नळी हौसेने आणखी बारीक करू नका. पाइपमध्ये उष्णता आणि दाब साठून पिस्टनला भोक पडतं. पाइप बदलला की जेट बदलायचंच, यात चर्चा नाही.

घरी हवा मोजता येते का? डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आमच्या गावात नाही.

येते. 18 मिमी प्लायवूडची, दोन कप्प्यांची पेटी करा. मधल्या फळीत 3 मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला धारदार काठाचं गोल भोक. वर तपासायचा भाग ठेवायचा, म्हणजे रीडचा पिंजरा, कार्ब किंवा फोर-स्ट्रोकचं हेड. खालच्या कप्प्याला व्हॅक्यूम क्लीनर. आणि गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात ती चार मीटर आणा, दोन यू आकार करा, पाण्यात नीळ टाका. पहिला यू वरच्या कप्प्याचा दाब दाखवतो, दुसरा मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंचा फरक.

पहिला यू प्रत्येक वेळी एकाच आकड्यावर आणायचा, मी 25 सेंटिमीटर ठेवतो. क्लीनरच्या नळीला बाजूचं भोक ठेवा, ते बोटाने किंवा टेपने कमीजास्त झाकून दाब साधता येतो. मग दुसरा यू वाचा. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाने वाढतो. काल 9 सेंमी होता, आज कड गोल केल्यावर 10 झाला, तर हवा साधारण साडेपाच टक्के वाढली. अकरा टक्के नव्हे, ही चूक सगळे करतात.

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, क्लीनरचा आवाजच बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी एक ठरलेला भाग, आमच्याकडे तो जुना इन्सुलेटर आहे, ठेवून आकडा तपासतो. तो जुळला तरच पुढे. घासण्याआधी शाळेतली रंगीत माती पोर्टमध्ये लावून बघा: कुठे भरल्यावर हवा कमी होते आणि कुठे काहीच फरक पडत नाही. जिथे भरूनही फरक पडत नाही तिथे घासून काय मिळणार?

टू-स्ट्रोकच्या लहरी या पेटीत दिसत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. शेवटचा निकाल मैदानावर, बंद जागेत, एकाच गिअरमध्ये, एकाच पट्ट्यात, एकाच स्वाराने घेतलेल्या वेळेचा. पाच वेळा घ्या, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट फेकून द्या. आणि एका वेळी एकच बदल.

पुढून हवेचा पाइप कार्बपर्यंत आणून रॅम एअर (समोरच्या वाऱ्याने हवा आत दाबणं) केला तर?

100 किमी वेगाला समोरच्या हवेचा जास्तीचा दाब अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. 11 अश्वशक्तीवर तो किती होतो, तुम्हीच काढा. 200 ला सुमारे पावणेदोन टक्के, 300 ला चार. मोठ्या सुपरबाइकला उपयोग आहे. आरएक्सला पुढून थंड हवा आणण्याचा फायदा मिळतो, पण तो थंडाव्याचा, दाबाचा नव्हे. मडगार्डवर लावलेला सिंकचा पाइप काढून टाका.

कोल्हापुरात मस्त चालणारी गाडी चेन्नईला जाम झाली. का?

माझीही झाली आहे. तिसऱ्या फेरीत, सरळ रस्त्यावर, पूर्ण थ्रॉटलला, मागचं चाक एकदम धरलं. पिस्टन अजून बिस्किटाच्या डब्यात आहे. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, त्यांत ॲल्युमिनियम वितळून रिंगेवर माखलेलं, आणि डोकं पांढरं राखाडी.

कारण साधं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर, पुणेही तेवढंच. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. इथे बरोबर बसलेलं जेट घेऊन त्याच तापमानात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उतरलात तर सिलिंडरमध्ये सहा टक्के जास्त हवा येते, जेटमधून पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही; मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि बोअरला धरतो.

आता यातली गंमत. डिसेंबरच्या पहाटे, 15 अंशांत कोल्हापुरात बसवलेलं जेट चेन्नईच्या 35 अंशांच्या दुपारी जवळजवळ बरोबर लागतं, कारण थंड हवेची घनता आणि समुद्रकाठच्या दाबाची घनता एकमेकींना फेडतात. मी जेट बसवलं होतं मे महिन्यात. कोइम्बतूरचा ट्रॅक 400 मीटरवर आहे, तिथे फरक कमी. महाबळेश्वरला हौसेने नेलीत तर उलटं होईल, गाडी पेट्रोल पिऊन घुसमटेल.

दोन-तीन पायऱ्या मोठी जेटं खिशात ठेवा. नवीन ट्रॅकवर मोठ्यापासून सुरुवात करा आणि एक-एक खाली या. नवा प्लग, पूर्ण थ्रॉटलने एक लांब ओढ, मग थ्रॉटल न सोडता क्लच दाबून लगेच इंजिन बंद. त्या प्लगवरचा रंगच खरा. ढकलत, आयडलवर पिटमध्ये आणलेला प्लग काही सांगत नाही.

ऑइल जास्त घातलं तर इंजिन सुरक्षित राहतं ना?

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. इथेनॉलचंही तसंच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. वडिलांच्या काळात लिहून ठेवलेले जेटचे नंबर म्हणून आज तसेच लावू नका. आणि शर्यतीनंतर कार्ब रिकामा करा, इथेनॉल पाणी ओढतं.

माझी फोर-स्ट्रोक आहे. यातलं काय लागू?

कर्णा, एअरबॉक्स, पेटी आणि मोजण्याची शिस्त, हे सगळं. पोर्टमध्ये सगळ्यात जास्त हवा व्हॉल्व्हच्या बैठकीच्या आसपासच्या दहा मिलिमीटरमध्ये अडते, म्हणून पैसे तिथे घाला: चांगल्या हेडवाल्याकडून तीन कोनांची बैठक. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला गेला की बाजूने उघडलेली जागा व्हॉल्व्हच्या क्षेत्राएवढी होते. तोवर पोर्ट नाही, बैठकच अडवत असते. पोर्टच्या आतल्या वळणाची छोटी बाजू टोकदार करू नका, हवा तिथेच सुटते. बाकी पोर्ट रुंद करण्याची घाई नको.

हीच गाडी कॉलेजला नेली तर चालेल का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ट्रॅकची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर न्या. ज्या गटात धावणार त्याचे नियमही घासण्याआधी वाचा. स्टॉक गटात पोर्टला कानस लागलेली दिसली की तपासणीत बाद, आणि तपासणारे लोक नखाने कड बघतात.

जाम व्हायच्या आधी काही कळतं का?

कधी कधी. सरळ रस्त्यावर गाडी अचानक हलकी, तीक्ष्ण वाजायला लागते, जणू नेहमीपेक्षा छान चाललीय. मग फेऱ्या वाढायच्या थांबतात, कुणीतरी मागून धरल्यासारखं होतं. तिथून चाक धरायला सेकंदही लागत नाही. थ्रॉटल एकदम सोडू नका, सोडलात तर उरलंसुरलं पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑइलही बंद होतं. आधी क्लच. म्हणून नव्या जेटवरच्या पहिल्या फेरीत डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची, पूर्ण फेरीभर.